चिंचेनं घासलेला पसारा

फोन श्रावणीचा होता. सकाळची वेळ, मी मेथी निवडत बसले होते. "आत्या, मावय्या उठत नाहीत..." एवढंच बोलली, आणि पुढं नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. श्रावणी ही माझ्या दादाची सून, तेलुगू घरातली. सासऱ्याला ती माहेरच्या रीतीनं मावय्या म्हणायची. सिकंदराबादहून त्यांच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत रिक्षात मी एकच घोकत होते, की हा माणूस सोंग करतोय. लहानपणी शाळा बुडवायला करायचा तसंच. पण नाही. झोपेतच गेला. पुण्यानुमोदनाला लोक त्याच्या कथांविषयी भरभरून बोलले. मला बोलायचं होतं त्याच्या पसाऱ्याविषयी, आणि तिथं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या जळत असताना ते बरं दिसलं नसतं. म्हणून इथं लिहिते.

दादा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. आयुष्यभर लोकांच्या गाठोड्यांना लेबलं लावली, पण स्वतःच्या एका कागदाला कधी लावेल तर शपथ! बरकतपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात त्याची लिहायची खोली होती. खोली कसली, उकिरडाच. वहिनी होती तोवर तीसुद्धा दारातूनच चहाचा कप पुढं करायची, कारण आत पाय ठेवायला जागा नसे. कोरा पांढरा कागद समोर आला की याचं डोकं चालायचं नाही. लिहायचा ते कॅलेंडरच्या पाठीवर, जयंतीच्या पत्रकांवर, बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. या चिठ्ठ्याचपाट्यांचे जमिनीवर ढीग, आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर काही ना काही ठेवलेलं. एकावर चुन्याची डबी, एकावर बैलाच्या गळ्यातली घंटा, एकावर दाराचा कोयंडा, एकावर आमच्या आईच्या खुरप्याचं पातं. "भंगारवाल्याला बोलावू का रे?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाला, "कमल, ही माणसं हायत. डबीखाली गंगाराममामा हाय, घंटेखाली ठकूबाई." परभणीकडच्या आमच्या गावातून पोट भरायला हैदराबादला आलेल्या माणसांवर तो पुस्तक लिहीत होता. ज्याची वस्तू त्याचा ढीग. कागदावर नाव नाही, आकडा नाही, वस्तू हेच नाव. "ही माणसं गेली, त्यांचं बोलणंबी चाललं. एवढं पुस्तक झालं की मी सुटलो," असं म्हणायचा. दुसरं काही त्याला आता नको होतं.

मग घरमालकानं घर बिल्डरला दिलं. दादाच्या मुलानं, सुजातनं, उप्पलकडे आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तिथं जायचं ठरलं. दादा अडून बसला. "बाबा, इत्ता सब कायकू? स्कॅन करून टाकू ना," सुजात म्हणाला. पोरगं हैदराबादेतच वाढलेलं. मराठी समजतं, पण वाचायला दिलं की जांभया देतं. दादानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो विषय तिथंच संपला. शेवटी "सगळं नेतो, एक चिठ्ठी टाकत नाही," असा शब्द देऊन सुजातनं बापाला दोन दिवस माझ्याकडे आणून सोडलं. दादा ते दोन दिवस माझ्या घरात येरझाऱ्या घालत होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा घालतो तशा. आणि खरं सांगायचं तर पोरानं आणि सुनेनं दिलेला शब्द अगदी पाळला.

दादाला घेऊन मी नव्या घरी गेले. खोली लख्ख. कपाटात सगळे कागद आकारानुसार रचलेले, मोठे खाली, लहान वर, कडा जुळवून. आणि हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये डबी, घंटा, कोयंडा, खुरप्याचं पातं... सगळं चिंचेनं घासून, पुसून, ओळीनं मांडलेलं. श्रावणी दारात उभी, कौतुकाची वाट बघत. दादा कपाटापुढं गेला. वरची चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ धरली, ठेवली. दुसरी उचलली. मग खालीच बसला. "कमल, सगळी माणसं एकमेकांत मिसळली गं..." माझं टाळकंच सरकलं. "अगं बाई, हात लावायच्या आधी विचारायचं तरी! पुस्तक होतं ते त्याचं!" मी श्रावणीवर ओरडले. तिचे डोळे भरून आले. "आत्या, गलीज होते ना सगळे... मुझे लगा मावय्या खुश होंगे." तेव्हा दादा उलटा माझ्यावरच खेकसला, "तिला बोलायचं काम नाही. इतक्या वर्षांत या वस्तूंना घरात कुणी हात तरी लावला होता का? तिनं एकेक घासलीय." त्या वेळी मला दोघांचाही रागच आला होता.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. दादा चिठ्ठी हातात घ्यायचा, कुणाची ते आठवू बघायचा आणि ठेवून द्यायचा. डोळे अधू झाले होते, स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. फोनवर म्हणायचा, "पुस्तक गेलं, कमल. आता चहा प्यायचा आणि टीव्ही बघायचा." न लिहिणारा दादा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो फार दिवस जगणार नाही असं मला उगीचच वाटायला लागलं.

एका रविवारी श्रावणी शोकेसमधली चुन्याची डबी घेऊन त्याच्यापुढं बसली. मीही होते. "मावय्या, ही कुणाची?" एवढं मराठी तिला येत होतं. शाळेत हिंदी शिकल्यामुळे अक्षरंही वाचता यायची, अर्थ कळो न कळो. तिनं कपाटातली वरची चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचू लागली... अडखळत, तेलुगू हेल काढत, नको तिथं थांबत. दादा डोळे मिटून ऐकत होता. दोन ओळी झाल्या असतील, म्हणाला, "हा गंगाराममामा. डबीखाली ठेव." तिनं दुसरी वाचली. "ही ठकूबाई. घंटा कुठाय?" मग ते रोजचंच झालं. ऑफिसातून आली, चहा घेतला, की ती फरशीवर फतकल मारून बसणार आणि वाचणार. शब्द अडला की विचारणार. "'येरवाळी' म्हणजे काय, मावय्या?" आणि दादा तिला नुसतं 'सकाळी लवकर' असं सांगून थोडाच थांबणार! ठकूबाई येरवाळी उठून कुणाच्या शेतावर जायची, जाताना सुनेला काय काय बोलायची, ते सगळं बोलून दाखवणार. मध्येच म्हणणार, "थांब. हे खोटं लिहिलंय मी. असं नव्हती ती बोलत. फाड ते." ज्या माणसानं बिस्किटाचा पुठ्ठा टाकला नव्हता, तो चिठ्ठ्या फाडायला लागला! मी त्याला चिडवलं, तर हसला नाही. "माझं लिहिलेलं मला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं गं," एवढंच म्हणाला.

हॉलभर पुन्हा ढीग झाले. सुजात त्यांच्यावरून उड्या मारत बेडरूममध्ये जायचा आणि कुरकुरायचा, पण कुणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. दादा सांगेल तसं श्रावणी एकेक ढीग वहीत उतरवत गेली, आणि बघता बघता पुस्तक पुरं झालं. छपाईला गेलं त्या दिवशी दादानं आम्हाला बिर्याणी खाऊ घातली, स्वतः मात्र डॉक्टरनं सांगितलेली खिचडी खाल्ली आणि मिटक्या मारल्या. त्यानंतर महिनाभरात तो गेला. मनासारखं काम संपवून जाणं किती जणांच्या नशिबी असतं? मी रडले, पण कुणाला दोष द्यावा असं मनात काहीच उरलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात छापखान्यातून तपासायला पानं आली. मी जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, तेव्हा काम माझ्यावर आलं. पण पहिल्याच पानावर अक्षरं पुसट दिसायला लागली. श्रावणीनं पानं माझ्या हातून घेतली आणि वाचू लागली. आता अडखळत नव्हती. ठकूबाई सुनेवर करवादते तो भाग होता, आणि ती तो अशी वाचत होती, जशी आमच्या गावात ओट्यावर बसून बाई बोलेल. माझ्या मुलांना यातले निम्मे शब्द ठाऊक नाहीत. मी स्वतः शाळेत शिकवून शिकवून पुस्तकी झालेली. आणि ही तेलुगू पोर... मला काही सुधरेना, मी पदर तोंडाला लावला. तशी ती वाचायची थांबली, पानावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं आणि सासऱ्याच्याच बोलीत दटावून म्हणाली, "आत्या, रडायलाव काय उगं? पुढचं ऐका की."