भिंतीतली बिडी

ताई पाचव्या महिन्यात आठ दिवस राहायला म्हणून आली आणि त्याच संध्याकाळी परत गेली. दारात चप्पल काढून तिने दोन पावलं टाकली, ओढणीचं टोक नाकाला लावलं आणि तशीच बाथरूमकडे धावली. तिच्या सासूबाई तिला राजगुरुनगरहून सोडायला आल्या होत्या. त्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या आणि आईने दिलेला चहा नुसता हातात धरून बसल्या.

“पोरीला हितं सोसायचं न्हाई, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंनी बिडी-सिगारेटच्या वासालाबी जाऊ नको म्हनून सांगितलंय.”

“पण ह्यांनी सोडली की. दोन महिने झाले, हात लावला नाही,” आई म्हणाली.

“त्यांनी सोडली वो. घरानं कुठं सोडलीया?”

पप्पा गॅलरीत उभे होते. आमचा फ्लॅट म्हणजे हॉल, किचन आणि आतली एक खोली. तिथे कुठेही उभं राहिलं तरी सगळं ऐकू येतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

जाताना सासूबाई दारात थांबल्या. “आठव्यात बघू. वास गेला आसंल तर मीच आणून सोडीन. न्हाईतर बाळंतपण आमी करू. आमाला काय जड न्हाई.”

त्या वाईट बोलल्या नव्हत्या, हे मला आता कळतं. पण आईला ते फार लागलं. आई-पप्पा मराठवाड्यातून इकडे आले त्याच वर्षी ताई झाली, भोसरीतल्या एका पत्र्याच्या खोलीत. आईला माहेरी जायला जमलं नाही आणि माहेरचं कुणी इकडे येऊ शकलं नाही. याबद्दल ती कधी बोलत नाही. पण ताईचं लग्न ठरल्यापासून पहिलं बाळंतपण आपल्या घरी करायचं, एवढं एकच तिने मनात धरलं होतं. ते आता एका वासावर अडलं होतं.

पप्पा चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये आहेत. गाड्यांना लागणारे लोखंडी पार्ट तिथे रंगवतात. चऱ्होलीच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून शिफ्ट करून आले की ते हॉलमधल्या दिवाणावर भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि बिडी पेटवायचे. आम्ही दोघी बहिणी तिथेच अभ्यास करायचो, तिथेच जेवायचो. जेवताना ते कंपनीतलं सांगायचे. पार्ट हुकाला टांगून आधी गरम सोड्याच्या टाकीत बुडवतात, मग पाण्यात, मग आणखी एका टाकीत, मग वाळवतात आणि त्यानंतर रंग. कुणाच्या अंगठ्याच्या ठशाएवढं तेल जरी राहिलं तरी रंग सुटतो आणि पार्ट रिजेक्ट होतो. “रंग शेवटी. आधी अंघोळ,” असं ते म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

ताईची बातमी आली त्या दिवशी त्यांनी बिडीचं बंडल आणि काडेपेटी कचऱ्याच्या गाडीत टाकली. नंतरचे पंधरा दिवस ते सारखी बडीशेप चावायचे आणि कशावरही चिडायचे. पण त्यांनी सोडली ती सोडलीच. म्हणून कुणी वासाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. “वास कुठं येऊलालाय?” ते विचारायचे. “मी सोडली ना?”

खरं सांगायचं तर आम्हाला तिघांनाही तो वास येत नव्हता. यातला सगळ्यात त्रासाचा भाग हाच होता. जो येतच नाही तो गेला हे कसं ओळखायचं? मी कॉलेजमधून परत येऊन दार उघडलं की पहिल्या श्वासाला तो जाणवायचा. शिळा, कडवट, ओल्या राखेसारखा. दुसऱ्या श्वासाला नाहीसा व्हायचा. मग मला माझ्याच नाकाची शंका यायची.

सुरुवात आईने केली. तिचा भरवसा धुरीवर. धुपाटण्यात निखारे घेऊन तिने त्यावर ऊद, ओवा, लसणाची सालं टाकली आणि कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला अशी धुरी देतात, त्याने हवा शुद्ध होते, असं ती म्हणाली. मला ते पटत नव्हतं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ धुरी झाली. नवव्या दिवशी मी दार उघडलं तर पहिल्या श्वासाला बिडी, ऊद आणि लसूण तिन्ही आले.

मग आई माझ्याकडे वळली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय केमिस्ट्री. “तुझ्या पुस्तकात असंल की काहीतरी,” ती म्हणाली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझ्या पुस्तकात पुष्कळ काही होतं, पण आमच्या हॉलबद्दल काही नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मी मोबाईलवर शोधलं. वाट्यांमध्ये खायचा सोडा भरून ठेवा, कोळसा ठेवा, लिंबू कापून ठेवा. मी तिन्ही ठेवली. हॉलच्या चारही कोपऱ्यांत पांढरी पूड, काळा कोळसा आणि अर्धं लिंबू. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“वहिनी, कुणी काही केलंय का तुमच्यावर?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“कुणी नाही ओ, पोरीनं केलंय,” आई म्हणाली. त्यामुळे प्रकरण आणखी वाढलं. विरजण न घेताच काकू गेल्या, आणि पुढे दोन दिवस जिन्यात कुणी भेटलं की मला बाजूला होऊन वाट दिली जायची.

वास तसाच राहिला. पडदे, चादरी, गोधड्या धुतल्या. दिवाणावरची गादी काढून टाकली. पप्पा हे सगळं बघत होते आणि दर वेळी थोडे आणखी गप्प होत होते. ताईचा सातवा लागला तसं ते एका बुधवारी कामावरून येताना डिस्टेंपरचा डबा आणि दोन ब्रश घेऊन आले. “उद्या रंगवून टाकू. विषय संपला.”

त्यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि माझ्या कॉलेजला रविवारी, त्यामुळे घरात दोघं मिळून दिवसभराचं काम असं कधी निघतच नाही. मी प्रॅक्टिकल बुडवलं. पप्पांनी भिंतीवर फडकंही न फिरवता ब्रश टेकवला. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण रंगातलं त्यांना कळतं की मला? संध्याकाळपर्यंत दोन हात झाले. घर पांढरंशुभ्र दिसत होतं आणि फक्त नव्या रंगाचा वास येत होता. आईने ताईला फोन करून सांगितलंसुद्धा.

दहा दिवसांनी किचनच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे कुकरची वाफ जाते, पिवळे ओघळ दिसायला लागले. दिवाणाच्या मागे, जिथे पप्पांचं डोकं टेकायचं, तिथे चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मी बोटाने पुसून बघितलं, बोट चिकट झालं. आणि वास पुन्हा तोच. मला रडू आलं. बुडवलेलं प्रॅक्टिकल तर गेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबबाहेर बराच वेळ घुटमळले. मॅडमना असं घरचं विचारावं की नाही, ठरत नव्हतं. शेवटी लॅबमध्ये काचसामान धुणाऱ्या मामांना विचारलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला फ्लास्क उलटा ठेवला.

“रंगवायच्या आधी भिंत धुतली होती?”

“नाही.”

“मग काय? डांबर आहे ते, बाळ. धूर उडून जातो, डांबर चिकटून राहतं. गरम वाफ लागली की सुटतं आणि वर येतं. धुण्याच्या सोड्याने सुटेल. पंख्याची पाती पुसलीत? ट्यूबलाइटचा पत्रा? कपाटाच्या आत?”

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. तेलकट घाण सोड्याने का सुटते, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं. आणि पप्पा तर रोज तेच बघत होते.

घरी गेल्यावर मी ते बोलून टाकलं. आजही मला ते वेगळ्या पद्धतीने बोलता आलं असतं असं वाटतं. पप्पा नुकतेच येऊन बसले होते.

“पप्पा, कंपनीत न धुता पार्ट रंगवता का तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किचनमध्ये आईचा हात थांबला.

“नाही,” ते म्हणाले.

“मग इथे का रंगवलं?”

ते उठले, चप्पल घातली आणि खाली गेले. आई खिडकीतून बघत राहिली. “झालं,” ती म्हणाली, “आता टपरीवर जातील. तुला काय गरज होती बोलायची?” चार महिने त्यांनी जे सांभाळलं ते माझ्या एका वाक्याने गेलं असेल तर, एवढाच विचार डोक्यात होता.

तासाभराने ते आले. आई दाराशीच उभी होती. तिने नुसता श्वास आत ओढला. त्यांना ते कळलं. “घे, नीट घे वास,” ते म्हणाले आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्यात धुण्याच्या सोड्याची पाकिटं, रबरी हातमोजे आणि पुट्टी लावायचा पत्रा होता.

त्या गुरुवारी मी पुन्हा कॉलेज बुडवलं. पप्पांनी तीन बादल्या ओळीने मांडल्या, एकीत गरम पाणी आणि सोडा, दोन साध्या पाण्याच्या. “खालून वर धुवायचं,” ते म्हणाले. “वरून धुतलं की ओघळाचे पट्टे पडतात.” दोन आठवड्यांपूर्वी लावलेला रंग पिठल्यासारखा निघत होता. तो खरवडून काढल्यावर खालच्या भिंतीवर त्यांनी फडकं फिरवलं आणि बादलीत पिळलं. पाणी काळ्या चहासारखं झालं. दुसऱ्यांदा पिळलं तेव्हाही तसंच.

मी बादली उचलायला वाकले. “ठेव,” ते म्हणाले. “ती मी नेतो.”

प्रत्येक बादली त्यांनी स्वतः नेऊन बाथरूममध्ये ओतली. पाचव्या की सहाव्या वेळी, माझ्याकडे न बघता म्हणाले, “माहीत होतं मला. तुला वाटलं, माहीत नव्हतं? हे पाणी बघायचं नव्हतं.”

मी पंख्याची पाती पुसत राहिले. पात्यांच्या वरच्या बाजूला गुळाच्या पाकासारखा थर होता. फडकी संपली तेव्हा आईने तिची जुनी सुती साडी फाडून दिली.

भिंती वाळायला चार दिवस लागले. मग डाग पुन्हा वर येऊ नयेत म्हणून पप्पांनी ऑइल प्रायमर मारला आणि त्यानंतर रंग. खिडक्या पंधरा दिवस उघड्या होत्या. धूळ आली, डास आले, आईने एकदाही तक्रार केली नाही. धुपाटणं तिने माळ्यावर ठेवून दिलं.

आठव्या महिन्यात सासूबाई ताईला घेऊन आल्या. पप्पांनी त्या दिवशी रजा टाकली होती. ताई आत आली तसे ते उलट बाहेर, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी हॉलभर नाक फिरवलं, पडद्याचं टोक उचलून हुंगलं आणि सोफ्यावर नीट मागे टेकून बसल्या. चहा मागितला. आईने माझ्याकडे पाहिलं.

ताई मात्र अजून उभीच होती. आतल्या खोलीत गेली, परत आली, पुन्हा गेली.

“येतोय का?” पप्पांनी बाहेरूनच विचारलं.

ताईला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. “थोडा,” ती म्हणाली. “आत, कपाटापाशी. एवढा काही नाही पप्पा, मी राहीन. या ना तुम्ही आत.”

कपाट आम्ही बाहेरून पुसलं होतं. आत त्यांचे कंपनीचे जुने स्वेटर होते, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. पप्पा आत आले, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने तिथून स्क्रू काढल्याचा आवाज यायला लागला. ते कपाटाची दारं उतरवत होते.

“सोडा भिजव गं,” त्यांनी मला हाक मारली. “आणि पाणी गरम ठेव.”