सलोमाच्या वाट्याची ब्रोकोली

सावत्र मुलीचं, ओर्फाचं, पत्र मंगळवारी आलं. सलोमा युत्झीनं ते फाटकाशी, पत्रपेटीजवळ उभ्या उभ्याच उघडलं आणि ख्यालीखुशालीच्या ओळी सोडून थेट खालच्या यादीवर नजर टाकली. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी युत्झी घराण्याचा मेळावा, यंदा ओर्फाकडे, माणसं एकशे दहा. कोणी काय आणायचं ते नावानिशी लिहिलं होतं. ड्रुझिलाकडे कोंबडीच्या रश्श्यातल्या जाड शेवया, कोणाकडे बटाटे, कोणाकडे घेवडा. आणि मधोमध, आईला मॅम म्हणणाऱ्या ओर्फाच्या गोल अक्षरात, "मॅम – ब्रोकोली सॅलड, दोन मोठी पातेली, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं," सलोमा मोठ्यानं म्हणाली. कुंपणापलीकडच्या गायीनं तेवढी मान वर केली.

एकतीस वर्षं हेच चाललं होतं. लग्न असो, मयत असो, कोणाचं जळालेलं कोठार पुन्हा उभं करायला माणसं जमलेली असोत, पन्नासच्या वर पानं उठणार असली की सलोमाकडे ब्रोकोली. तिला दुसरं काही येतं का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि जी गोष्ट ती नवऱ्यालाही बोलली नव्हती ती ही, की तिला ब्रोकोली आवडायची नाही. शिजवलेली नाही, आणि कच्ची तर मुळीच नाही.

खाणाऱ्याला ते सॅलड सोपं वाटायचं. पण घरच्या बागेतली ब्रोकोली म्हणजे आत हिरव्या अळ्या, तिच्याच रंगाच्या. मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवली की मग त्या वर तरंगायच्या. मग ब्रोकोलीचे आणि फ्लॉवरचे तुरे नखाएवढे तोडायचे. मोठे राहिले तर म्हाताऱ्यांच्या दातांना झेपत नाहीत. बेकन तळायचं ते चुरा होईल इतकं कडक. चीज किसायचं, कांदा बारीक चिरायचा, मेयॉनीज आणि आंबट क्रीम निम्मं निम्मं घेऊन त्यात साखर फेटायची. ते आदल्या दिवशी कालवून चालत नाही, खाली पाणी सुटतं. म्हणजे सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरून, बर्फाच्या पेटीत घालून, घोड्याच्या बग्गीतून मैलोन्मैल न्यायचं आणि तिथं गेल्यावर, बाकीच्या बायका सावलीत गप्पा मारत असताना, कोपरापर्यंत हात घालून कालवायचं. एवढं करून कोणीतरी म्हणायचंच, "सलोमा, यंदा बेकन जरा कमी वाटतंय."

त्या दुपारी ती पत्र घेऊन नवऱ्याच्या, अ‍ॅटलीच्या, दुकानात गेली. अ‍ॅटली घोड्यांचे साज शिवायचा. त्यानं यादी वाचली आणि हातातला चामड्याचा पट्टा न सोडताच म्हणाला, "मग कर की. तुझा तर हातखंडा आहे."

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. ती पत्राची घडी घालून परत आली.

सलोमा अठ्ठाविसाव्या वर्षी या घरात आली. त्याआधी आठ वर्षं ती शाळेत शिकवत होती. एक खोली, आठ इयत्ता, बत्तीस मुलं, आणि तिच्या आवाजाबरोबर सगळी चिडीचूप. अ‍ॅटलीची पहिली बायको इडना तीन मुलं मागे ठेवून गेली होती, त्यांतली थोरली ओर्फा तेव्हा नऊ वर्षांची. इडना सुगरण होती. तिच्या शेवयांचं नाव पार पलीकडच्या खोऱ्यापर्यंत होतं. तिची धाकटी बहीण ड्रुझिला अ‍ॅटलीच्या भावालाच दिलेली, त्यामुळे ती कायम समोर. सलोमानं पाव केला, सूप केलं, काहीही केलं, की ड्रुझिला एक घास खायची आणि अगदी मायेनं सांगायची की इडना यात असं नाही, तसं घालायची. पहिल्या मेळाव्याला सलोमानं मुद्दाम असं काहीतरी केलं जे या घरात कधी झालंच नव्हतं. पातेलं पुसून निघालं. पुढच्या वेळी लोकांनी तेच मागितलं, आणि तेव्हापासून सुटका नाही.

तिनं ओर्फाला उलट टपाली कार्ड लिहिलं. यंदा ब्रोकोली होणार नाही. मी शेवया आणते, ड्रुझिलाला दुसरं काही सांग. चार दिवसांनी उत्तर आलं. शेवया ड्रुझिलाच आणेल, तुला थकवा आला असेल तर तू फळांचे गोड पाई आण, नाहीतर नुसती ये.

नुसती ये! सलोमानं ते कार्ड चुलीत घातलं.

मेळाव्याला ती पीचचे चार पाई भाजून घेऊन गेली. बग्गीतून उतरताना अंग हलकं वाटत होतं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाह्या दिवसभर कोरड्या राहणार होत्या. मग ती टेबलांपाशी आली आणि तिनं मोजलं. एक, दोन, तीन. ब्रोकोली सॅलडची सात पातेली होती.

सलोमा करणार नाही ही बातमी दोन रविवारच्या प्रार्थनांत सगळीकडे पोचली होती. मेळाव्याला ते सॅलड नसेल हे कोणालाच पटलं नव्हतं, आणि आपणच ते करावं असं सात जणींना एकमेकींना न विचारता सुचलं होतं. त्यांतल्या तिघींनी त्यापायी आपल्या वाट्याचं आणलंच नव्हतं. त्यामुळे बटाटे नव्हते आणि घेवडाही नव्हता. पुरुषमंडळी ताटात कोंबडी, शेवया आणि सात प्रकारची हिरवळ घेऊन बाकांवर बसली आणि निमूटपणे चावत राहिली.

सलोमाला मात्र बसता येईना. एकेक बाई वाटी घेऊन येत होती. "जरा चाख ना. तुझ्यासारखं झालंय का?" एकीनं बेदाणे घातले होते. एकीचे तुरे मुठीएवढे. ड्रुझिलानं आदल्या दिवशीच कालवलं होतं, ते स्वतःच्याच पाण्यात पोहत होतं, आणि वर ती म्हणाली की इडना असती तर तिनंही असंच केलं असतं. सलोमा चावत होती, गिळत होती, "चांगलं आहे" म्हणत होती. एकतीस वर्षांत खाल्ली नसेल तेवढी ब्रोकोली तिच्या पोटात त्या अर्ध्या तासात गेली.

सहावं पातेलं ओर्फाचं होतं. सलोमानं घास तोंडात घातला आणि थांबली. नखाएवढे तुरे, कडक बेकन, साखर अगदी बेतानं. मिठाचा तर एक कण जास्त, आणि तिथंच ते तिच्या सॅलडापेक्षा सरस झालं होतं. ज्या कामाचा आपल्याला इतका वैताग आहे ते दुसऱ्या कोणी आपल्याहून चांगलं केलं तर इतकं का झोंबावं, हे तिला कळेना, आणि त्याचाही तिला राग आला.

भांडी घासताना दोघीच होत्या.

"तुला येत होतं," सलोमा म्हणाली.

"नऊ वर्षांची असल्यापासून बघतेय."

"मग मला का राबवलंस? याद्या तूच करतेस ना? वीस वर्षं झाली."

ओर्फानं हातातलं पातेलं पालथं ठेवलं. "तू आलीस तेव्हा आमच्या घरात सगळंच पहिल्या मॅमचं होतं. शेवया तिच्या, पाव तिचा, पडदेसुद्धा तिचे. ड्रुझिला तुला दर घासाला टोचायची, ते मला दिसायचं. त्या एका सॅलडावर तिला काही बोलता आलं नाही. म्हणून ते मी तुझ्या नावापुढून कधी हलवलं नाही. किती जणींनी मागितलं, पण मी दिलं नाही कोणाला."

सलोमानं ओला फडका पिळला.

"हे तू मला आज सांगतेस."

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला ब्रोकोली आवडत नाही, ओर्फा."

ओर्फानं वळून पाहिलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

 ओर्फाला हसू आलं, इतकं की साबणाचा हात डोळ्याला लागला आणि डोळा चुरचुरला. सलोमाला हसायचं नव्हतं. एकतीस वर्षांत या बाईला एक वाक्य बोलता येऊ नये, आणि आपल्यालाही येऊ नये, याचा तिला मनापासून संताप आला होता. तरी तिनं एप्रनच्या खिशातला कोरडा रुमाल काढून ओर्फाचा डोळा पुसला, अगदी ती नऊ वर्षांची असल्यासारखा, आणि पुसता पुसता तीही हसली.

ऑक्टोबरात ओर्फाच्या मुलीचं लग्न निघालं. पानं चारशे. ओर्फा या वेळी पत्र न लिहिता स्वतः आली आणि सॅलड करशील का, असं तिनं विचारलं. सलोमानं अट घातली, की आपण सुरीला हात लावणार नाही, चिरायला सहा पोरी हव्यात. पोरी मिळाल्या. लग्नाच्या आदल्या सकाळी सलोमा गोठ्याजवळच्या खोलीत खुर्ची टाकून बसली आणि शाळेतला तिचा आवाज तीन दशकांनी बाहेर आला. अळ्या न बघता पाणी ओतणारीला तिनं सगळं पुन्हा बुडवायला लावलं. मोठ्या तुऱ्यांचं एक घमेलं भरून आलं तेव्हा तिनं त्यातला एक उचलला, आपल्या करंगळीच्या नखाशेजारी धरला आणि घमेलं परत पाठवलं. दुपारपर्यंत सहाही पोरी इतक्या वैतागल्या होत्या की पुढच्या लग्नाला आपण फक्त ताटं मांडणार, असं त्या आपसांत ठरवत होत्या, आणि ते सलोमाला नीट ऐकू येत होतं.

लग्नाच्या दिवशी तिनं कोंबडी घेतली, कुस्करलेले बटाटे घेतले आणि अ‍ॅटलीच्या बाकाशेजारच्या, बायकांच्या बाकावर जाऊन बसली. हिरवं काहीही घेतलं नाही. वाढणाऱ्या मुलीनं ब्रोकोली सॅलडाचा डाव पुढे केला, तर पलीकडून ओर्फानं हातानंच खूण केली, आणि मुलगी पुढच्या पानाकडे गेली.