पेनल्टीचा मान

गुणवंती पावसे फुटबॉल खेळू लागली, कारण एका क्रीडा संघटनेला आपलं मत गमवायचं नव्हतं. १९९८ साली वरून फर्मान निघालं, की ज्या जिल्ह्यात महिलांचा संघ नाही त्याला संघटनेच्या निवडणुकीत मतदान करता येणार नाही. रत्नागिरीत तोवर बायकांना फुटबॉल खेळताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. पण मत जातंय म्हटल्यावर सचिव आत्माराम सुर्वे जीप घेऊन जिल्हाभर हिंडले आणि पंधरवड्यात संघ जमवून आले. त्यात बहुतेक मुली कबड्डीच्या होत्या. एक थाळीफेकीची होती. एकीला निव्वळ उंचीवर गोलकीपर केलं होतं. फुटबॉलला आधी पाय लावलेली एकटी गुणवंती. ओहोटी लागली की बुरोंडीच्या ओल्या वाळूत होड्यांवरची पोरं खेळत, आणि भावांच्या मागे धावणाऱ्या या मुलीला मासळीच्या टोपल्यांशी बसवून ठेवणं तिच्या आईला कधी जमलं नाही.

संघ पहिला सामना कोल्हापुरात खेळला आणि नऊ गोलांनी हरला. परत आल्यावर रत्नागिरीत त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. संघ शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानात होता, हे अध्यक्षांनी भाषणात मुद्दाम सांगितलं. आदल्या वर्षी पुरुषांचा संघ मध्यंतरानंतर मैदानात परतलाच नव्हता.

पुढची चार वर्षं गुणवंती डाव्या बगलेवरून धावत राहिली. जिल्ह्यासाठी तिने गोल केले, राज्याच्या शिबिराला जाऊन आली, दर खेपेला एक शाल मिळवली. नारळ कालवणात गेले, शाली होडीवर थंडीच्या दिवसांत उपयोगी पडल्या. २००२च्या महिला दिनाला संघटनेने महिला संघ विरुद्ध पदाधिकारी असा प्रदर्शनी सामना ठेवला. गुणवंती दोघांना चकवून पुढे निघाली, तेव्हा बचावाला उभे असलेले सुर्वे ऑफिसच्या बुटांसकट तिच्या उजव्या गुडघ्यावर आले. दुसऱ्या दिवशी ते शहाळी घेऊन दवाखान्यात गेले आणि झालेला प्रकार तिने खेळाडूवृत्तीने घ्यावा असं त्यांनी सांगितलं. गुडघ्याने मात्र तसं घेतलं नाही. तेविसाव्या वर्षी तिचं खेळणं संपलं.

मग तिने प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि सावर्ड्याहून आत असलेल्या एका गावच्या हायस्कुलात मानधनावर लागली. नेमणूक एका वर्षाची, दर जूनला नव्याने करायची. शाळा समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण खोत हे आंब्याचे बागायतदार, आणि गावच्या पालखीचे पहिले मानकरी. सगळे त्यांना आबा म्हणत. दोन वर्षं संघ उपांत्य फेरीत हरल्यावर आबांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, की यंदा जिल्हा जिंकून संघ विभागाला गेला तर जागा राहील. नाहीतर समितीच्या मनात मुलींसाठी शिवणकाम सुरू करायचं आहे. मशिनं द्यायला गावच्या चाकरमान्यांचं मुंबई मंडळ तयार होतं.

जिंकायची शक्यता होती, कारण संघात राही होती. खालच्या वाडीतली ही मुलगी गवताचे भारे वाहून तयार झालेल्या पायांनी चेंडू मारायची आणि तो कुठे जाणार हे तिला मारण्याआधी माहीत असायचं. संघात भार्गवीही होती. आबांची नात. वर्गात पहिली यायची आणि चेंडू जवळ आला की डोळे मिटायची.

अडचण अशी, की अंतिम फेरीपर्यंत रत्नागिरीत मुक्काम करावा लागणार होता, आणि मुलींना परगावी पाठवायचं तर आधी गावाने हो म्हणायला हवं होतं. म्हणून २००५च्या पावसाळ्यात बैठक बसली ती सहाणेवर. शिमग्यात पालखी जिथे विसावते त्या चौथऱ्यावर गावाचे सगळे निर्णय होतात, आणि तिथे दिलेला शब्द देवीसमोर दिलेला असतो. टेम्पो द्यायला गाव तयार झालं. मुंबई मंडळाने जर्सी आधीच पाठवल्या होत्या. त्यांच्या पाठीवर मंडळाचं पूर्ण नाव, पत्ता आणि स्थापनेचं वर्ष छापलेलं होतं, त्यामुळे खेळाडूंच्या क्रमांकाला जागा उरली नव्हती.

"राहता राहिला मान," आबा म्हणाले. "बाई, शाळेचा संघ असता तर आम्ही मधे पडलो नसतो. पण गावाचा संघ म्हटला की कुणी काय करायचं, ते ठरलेलं बरं."

गुणवंती याला तयार होती. दोन शिमगे तिने या गावात काढले होते आणि पालखीला पहिला खांदा कुणाचा, या प्रश्नावर चालू असलेला कोर्टाचा दावाही तिला ठाऊक होता. तिने हिशेब केला, की खेळाला धक्का लागणार नाही असे जेवढे मान असतील तेवढे वाटून टाकावेत. नाणेफेकीला जाण्याचा मान तिने खोतांच्या घराला दिला. चेंडू मैदानात नेण्याचा सुतारवाडीला, मध्यंतराला पाणी फिरवण्याचा मधल्या वाडीला. देवळाच्या दाराशी गुरवच बसतात, तेव्हा गोलात गुरवांचीच मुलगी हवी असा आग्रह निघाला. गुरवांची सावित्री उंच आणि बेडर होती, त्यामुळे तोही मान तिने मोठ्या मनाने देऊन टाकला. खालच्या वाडीला कुणी काही देऊ केलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. शिमग्याच्या होमाला लाकडं वाहून आणणं एवढाच त्यांचा मान होता.

बैठक संपत आली होती. म्हाताऱ्या दादू गुरवांनी तोंडातलं पान बाजूला सारून विचारलं, "आनि बाई, ती पेनल्टी म्हंतात ती काय असते?"

गुणवंतीने चपला घालता घालता सांगितलं, की काही चूक झाली तर एकीला एकटीने गोलावर मारायला मिळतं. बाकी सगळ्यांनी मागे जाऊन उभं राहायचं.

सहाणेवरून उठू लागलेली माणसं पुन्हा खाली बसली.

"सगळ्यांनी मागं?" दादूंनी विचारलं.

"हो."

"आनि एकानं पुढं."

आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं. शिमग्याला होम पेटवताना सगळा गाव मागे सरतो आणि पेटती चूड घेऊन एकटे खोत पुढे जातात. तो मान कुणाचा, हे गावाला नव्याने ठरवायचं नव्हतंच. आबांनी नम्रपणे मान खाली घातली आणि भार्गवीचं नाव ठरलं. अख्ख्या मोसमात आपल्याला एकही पेनल्टी मिळालेली नाही, असं मनाशी म्हणून गुणवंतीने होकार दिला.

पण मोसमात न मिळालेली गोष्ट अंतिम सामन्यात मिळू शकते, हे तिला चार वर्षं खेळून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने भार्गवीला कातळावरच्या मैदानात पेनल्टी मारून पाहायला लावलं. चेंडू गोलापर्यंत पोहोचेना. गुणवंती संध्याकाळी खोतांच्या पडवीत गेली आणि पालखीला पहिला हात मानकऱ्याचा लागला की मग खांदा कुणीही देतं, याची तिने आठवण करून दिली. तसा भार्गवीने चेंडूला हात लावून द्यावा आणि पाय राहीने लावावा.

आबांनी गंभीरपणे विचार केला. "फुटबॉलात हात चालतो का?"

"पेनल्टीचा चेंडू हातानेच ठेवतात, आबा."

"मग ठेवेल की. आणि मारेलही."

गुणवंतीने पुढे वाद घातला नाही. दोन दिवस विचार केला आणि भार्गवीला बोलावून घेतलं. तिने तिला सांगितलं, की कोपरा बघू नकोस, वर बघू नकोस. गोलकीपरच्या अंगावर मार.

भार्गवी हुशार मुलगी होती. "बाई, म्हणजे मी चुकवायची?"

"चुकवायची नाही. चुकवली तर चेंडू बाहेर जाईल. तिच्या गुडघ्यांवर मारायचा, तोसुद्धा जोरात."

त्यानंतर रोज शाळा सुटली की भार्गवी सावित्रीच्या गुडघ्यांवर चेंडू मारी आणि परत आलेल्या चेंडूवर चौकटीबाहेरून राही धावून येई. सावित्रीच्या पायांना हळद लावावी लागली. पोरगी आपली नेमकी मारते, असं बांधावर बसलेल्या आबांचं मत झालं.

अंतिम सामन्याला गावचा टेम्पो भरून माणसं आली. क्रमांक नाहीत म्हणून पंचांनी सामना अडवला, तेव्हा क्रमांकाचे कागद मंडळाच्या पत्त्यावर टाचण्यांनी लावण्यात आले. सुतारवाडीच्या मुलीने चेंडू ताटातून आणला. पंचांनी ताट बाहेर ठेवायला लावलं, पण चेंडूला लागलेलं कुंकू राहिलं. खेळ रटाळ झाला. एकाही गोलाशिवाय सामना संपायला आला असताना राहीला चौकटीत पाडलं आणि शिट्टी वाजली.

पंचांनी खेळाडूंना मागे जायला सांगितलं, तर बाहेर उभी असलेली गावची माणसंही चार पावलं मागे सरली. कुणीतरी देवीचं नाव घेतलं. आबांनी टोपी नीट केली. भार्गवीने चेंडू ठेवला, डोळे उघडे ठेवले आणि शिकवल्याप्रमाणे मारला. चेंडू गोलकीपरच्या गुडघ्यांवर आदळून परत आला. राही तिथे होतीच.

जूनमध्ये गुणवंतीची नेमणूक नव्याने झाली. शिवणयंत्रं शेजारच्या गावाला गेली. विभागात संघ पहिल्याच सामन्यात हरला. तिथे पेनल्टी मिळाली नाही, त्यामुळे गावाच्या मते खरा खेळ झालाच नव्हता. सत्कार झाला. त्यानंतरच्या बैठकीत राहीची आई सगुणा पहिल्यांदा सहाणेजवळ येऊन उभी राहिली आणि परत आलेल्या चेंडूचा मान कुणाचा, असं तिने विचारलं. याला पूर्वापार काही आधार नव्हता. बरीच चर्चा होऊन तो मान खालच्या वाडीला मिळाला. गावाच्या आठवणीत त्या वाडीला लाकडांपलीकडे मिळालेला हा पहिला मान. त्या दिवशी सगुणा घरी गेली ती देवळावरून फिरून.

दोन वर्षांनी राही आणि भार्गवी दहावी होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या जागी आबांची दुसरी नात नीरजा आली आणि राहीची धाकटी बहीण हेमा. आबांना आता ऐकू कमी येई आणि समितीवर प्रत्येक वाडीचा एकेक माणूस घेतला होता. खालच्या वाडीतर्फे सगुणा होती. नीरजाला पहिल्यांदा पेनल्टी मारायला लावलं, तर चेंडू उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला जाऊन बसला. गुणवंतीने पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा तिथेच गेला. इतक्या वर्षांत प्रथमच मान आणि पाय एका घरात आले होते.

तिसऱ्या दिवशी सगुणा डोक्यावरची पाटी बांधावर उतरवून मैदानात आली. थोडा वेळ तिने पाहिलं.

"बाई, ह्या काय चाललाय?"

"सराव."

"त्या दिसतंय मला. ही पोर रोज सरळ आत मारते."

"गोलात मारायचा खेळ आहे, सगुणाताई."

"असू दे. आत गेला तर परत काय येनार? आनि परत नाय आला तर आमच्या हेमान काय कराचा?"

गुणवंतीने तिला समजावून पाहिलं, की गोल कुणीही केला तरी जिंकतो तो गावच. सगुणाने ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत हेच वाक्य तिला आबांकडून पुष्कळदा ऐकायला मिळालं होतं.

"सहानेवर ठरला हाय त्या हाय," ती म्हणाली. "जूनला समितीत मी हाय, बाई. मी काय तुमच्या वायटावर नाय. पन माज्या वाडीला काय सांगू?"

गुणवंतीने गोलात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, मग नीरजाकडे. "नीरजा," तिने सगुणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गोलकीपरच्या गुडघ्यांवर मारायचा. कोपरा बघायचा नाही."

नीरजाने गोंधळून गुडघ्यांवर मारला. हेमा धावत आली आणि तिने परतलेला चेंडू आत ढकलला. सगुणाचं समाधान झालं. पाटी डोक्यावर घेऊन ती खालच्या वाटेला लागली आणि काजूच्या झाडांमागे दिसेनाशी झाली.

गुणवंती दुखऱ्या गुडघ्याने जाळ्यापर्यंत चालत गेली, चेंडू घेऊन आली आणि तो पुन्हा नीरजासमोर ठेवला.

"आता कोपऱ्यात," ती म्हणाली.