नक्स लिहिलेली बरणी

दोनदाबाई हे नाव त्यांना कारखान्याने दिलं. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचं त्यांचं काम, आणि प्रत्येक लेबल दोनदा वाचल्याशिवाय बाई ते पुढे सरकू द्यायच्या नाहीत. एकतीस वर्षांत एकदाही ध चा मा झाला नाही. पण ही खोड निवृत्तीनंतर सुटते थोडीच! दूधवाला नुसता हसला तरी बाईंना वाटायचं, आज पाणी जास्त घातलंय मेल्याने.

धाकटी बहीण नवरा गेल्यावर त्यांच्याकडे राहायला आली, त्याला सहा महिने झाले होते. आईवडलांमागे बाईंनीच तिला वाढवलं, तिच्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं. रक्ताचं म्हणावं असं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आणि एका सकाळी साखरेच्या डब्यामागे बाईंना एक बरणी सापडली. आत तपकिरी पूड. वर कागदाची चिठ्ठी, धाकटीच्या अक्षरात एकच शब्द: नक्स.

बाईंनी तो शब्द दोनदा वाचला. कारखान्यात कुलपाच्या कपाटात कवटीचं चित्र असलेली एक बरणी असायची. नक्स व्होमिका, म्हणजे काजऱ्याच्या बिया, बटणांसारख्या चपट्या आणि जहाल विषारी. सगळे तिला नुसतं 'नक्स'च म्हणत. तिथल्या म्हाताऱ्या केमिस्टना ते आवडत नसे. ते चिडून म्हणायचे, "अहो, लॅटिनमध्ये नक्स म्हणजे टणक कवचाचं कुठलंही फळ. बदामही नक्स. न्यूक्लिअस म्हणजे त्यातलाच इवलासा गर. आणि व्होमिका म्हणजे उलटी, असं सगळे ठोकून देतात, पण जुन्या कोशात गळू दिलंय, गळू!" पण त्यांचं ऐकतो कोण? नक्स म्हटलं की कुलूप, एवढंच बाईंच्या डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराआडून पाहिलं. धाकटीने बाईंच्या दुधात दोन चमचे पूड घालून ढवळली. स्वतःच्या कपात चिमूटभरही नाही! वर पुन्हा गोड आवाजात विचारते, "ताई, सगळं प्यायलीस ना गं?"

एवढी चौकशी कशाला हवी हिला? तीन दिवस बाईंनी दूध मोरीत ओतलं. उपाशीपोटी कळ आली, तर तोही पुरावाच वाटला. मरणाची भीती नव्हती हो त्यांना, सत्तरी जवळ आली होती. पण धाकटीच जिवावर उठली असेल, तर मग आपलं म्हणायचं कोणाला?

चौथ्या दिवशी त्यांनी कप धाकटीपुढे सरकवला. "आधी तू पी."

"मी? मला नाही चालत."

"का नाही चालत? मला चालतं ते तुला का नाही?"

धाकटी बघतच राहिली. मग तिची नजर बरणीकडे गेली, परत बहिणीकडे आली, आणि तिला सगळं उमगलं. तिने कप उचलला आणि अर्धा घटाघटा रिकामा केला.

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या चक्क हसल्या. वेडी गं मी, काय काय मनात आणलं! त्यांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती खाजवत होती. ओठ फुगले, श्वासाला शिट्टी लागली. बाईंनी आरडाओरडा करून शेजारी गोळा केले आणि तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धावत येऊन इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा झाल्यावर धाकटीने त्यांना सांगितलं, पूड अक्रोडाची होती.

दुपारी धाकटी खाटेवर उठून बसली. बाई रडत होत्या आणि रागावतही होत्या. "नुसतं अक्रोड लिहायला काय झालं होतं तुला?"

"नऊ वर्षांची असताना एक अक्रोड खाल्ला होता मी. अशीच सुजले होते," धाकटी जाड झालेल्या ओठांनी सावकाश म्हणाली. "तू नवीन नवीन कारखान्यात लागली होतीस. घरातल्या अक्रोडाच्या बरणीवर नक्स लिहिलंस आणि म्हणालीस, हा शब्द दिसला की हात लावायचा नाही. चिठ्ठी माझ्यासाठी होती, ताई. पूड तुझ्यासाठी. तुझे गुडघे दुखतात म्हणून."

बाईंना तो दिवस आठवला. अगदी सगळा आठवला. त्यांनी पदराने तोंड पुसलं, खाटेखालच्या चपला काढून बहिणीच्या पायाशी नीट ठेवल्या.

"चल, घरी जाऊ."

धाकटीने पाय खाली सोडले नाहीत.

"कोणाच्या?"