फॉरमॅटमामांचं बोट

आमच्या फॉरमॅटमामांकडे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध होतं. संगणक हळू चालतो? फॉरमॅट, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरं. छापताना काना-मात्रा उडतात? फॉरमॅट. गल्लीतल्या नव्या जावयाबद्दल तक्रार आली, तेव्हाही मामांनी पान जुळवता जुळवता हेच सुचवलं होतं. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि निवृत्त झाल्यावर संगणकाच्या नादी लागले होते.

दुसरी खोड म्हणजे चूक कधीच त्यांची नसायची. “व्होल्टेजनं घात केला,” म्हणायचे. बिचाऱ्या व्होल्टेजने औरंगाबादेत मामांचे किती गुन्हे पोटात घातले, त्याला गणती नाही.

त्या दुष्काळी वर्षांतही आमचं पुंडलिकनगर भराभर वाढत होतं. घरांवर मजले चढत होते, नळाला मात्र पाण्याचा पत्ता नसायचा. टँकरवाला निघण्यापूर्वी फोन करायचा आणि गल्लीने त्याला माझा नंबर दिला होता. टायपिंगची कामं घेत असल्यामुळे मी दिवसभर घरात असायचे. फोन लागला नाही, तर तो टँकर सरळ पुढच्या गल्लीत न्यायचा.

कांबळेबाई कॉलेजात शिकवायच्या. प्रबंधासाठी त्यांनी आपल्या आईलाच माझ्याकडे आणून बसवलं होतं. म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि मी थेट संगणकावर उतरवायचे. पुढे आई वारली. ओव्यांची वही नव्हती, कॅसेट नव्हती. माझ्या संगणकात एक फाईल होती आणि तिची दुसरी प्रत ठेवायची अक्कल मला नव्हती.

नेमक्या त्याच संगणकावर मामांनी हौसेने नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. अर्ध्यावर निळा पडदा आला आणि यंत्र काही उठेना. मी ओव्यांचं सांगितलं तसा मामांचा चेहरा उतरला. व्होल्टेजचं नाव निघालं नाही. त्यांनी स्वतःचा संगणक हातगाड्यावर घालून माझ्याकडे आणला, मोडेम माझ्या फोनला जोडला आणि इंटरनेटवरच्या एका चर्चामंडळात मोडक्यातोडक्या इंग्रजीत मदत मागितली. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: हार्ड डिस्क ओळखायला लागणारी ड्रायव्हरची फाईल मिळत नाहीये, ती इथून उतरवून फ्लॉपीवर घ्या, पुन्हा इन्स्टॉल करा आणि काहीही पुसू नका.

फाईल मुंगीच्या पावलांनी उतरत होती आणि तोवर फोनची लाईन अडलेली होती. तेवढ्यात टँकरवाल्याला आमचा फोन एंगेज लागला आणि टँकर गेला पुढच्या गल्लीत. शेजारच्या सोनवणेकाकू घागर घेऊनच दारात आल्या.

“मामा, तुमच्या डब्यातून पाणी येतंय व्हय?”

मामा उठून उभे राहिले. “काकू, बाईंच्या आईच्या ओव्या इथं अडकल्यात. चूक माझीच हाय. आता फोन सोडला तर पुन्हा पयल्यापासनं सुरू करावं लागंल.”

कोपऱ्यात कांबळेबाई पडद्याकडे नजर लावून बसल्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“नका सोडू. आमी मेन रोडवर बसतो. दुसऱ्या खेपेला टँकर काय हवेतून जाणार हाय?”

आणि गल्लीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन रस्त्यावर जाऊन बसल्या.

फ्लॉपी तयार झाली. इन्स्टॉलेशन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट करायची, की आहे तशी ठेवायची? फॉरमॅटची ओळ आधीच उजळलेली होती आणि मामांचं बोट एन्टरकडे निघालंही होतं. त्यांनी ते मागे ओढलं आणि उजवा हात चक्क मांडीखाली दाबून बसले.

“बाई, माझ्या बोटाला लई वाईट सवय हाय. तुमीच दाबा. एकदम खालची ओळ.”

बाईंनी दोनदा वाचून दाबलं. तासाभराने यंत्र उठलं, फाईल उघडली. बाईंनी पहिली ओवी मोठ्याने वाचायला घेतली आणि त्यांना पुढे वाचवेना. मामा तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले आणि रिकाम्या पिंपापाशी बराच वेळ उभे राहिले.

काही वर्षांनी मामा गेले. माझा त्यांच्यावर किती जीव होता, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या संगणकात काय आहे ते बघायला मामींनी मला बोलावलं. मामांचं स्वतःचं असं त्यात काहीच नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. ओव्यांची फाईल तेवढी होती. टेबलाच्या खणात आधी फ्लॉप्या, मग सीड्या, दर वर्षाची एक, आणि प्रत्येकीवर वेड्यावाकड्या अक्षरात ‘बाईंची आई’. मी एकेक लावून बघितली. सगळ्या उघडत होत्या.

मी पदर डोळ्यांना लावला तशा मामी घाबरल्या.

“लई बिघडलंय व्हय गं?”