आवाज बसवताना

भूतखेत मी मानत नाही. पियानोच्या पोटात हात घालण्यात आयुष्य गेलं; धूळ, झुरळं आणि मुलांनी टाकलेल्या पेन्सिली यापलीकडे आत काही सापडलं नाही. तरी कोलशेतच्या त्या घराची आठवण झाली की अजून जीव अस्वस्थ होतो.

फोन कळव्याहून आला होता. एक बाई म्हणाली, "बाबा गेले. त्यांचा पियानो कोलशेतला आईकडे आहे. त्याचा आवाज बदलून द्या." मी म्हटलं, सूर लावून देतो. तर म्हणे, "सूर नकोत हो, आवाजच वेगळा करा."

इमारतीच्या गेटवर वॉचमनने मला वॉटर प्युरिफायरवाला समजून अडवलं, तेव्हा तीच खाली घ्यायला आली. लिफ्टमध्ये तिने कारण सांगितलं. रविवारी ती आईकडे येते आणि बाबांनी शिकवलेली एक धून वाजवते. वाजवायला लागली की स्वयंपाकघरातून आई हाक मारते, "अहो, चहा ठेवू का?" आणि मग एकदम गप्प होते. आधी कधीतरी व्हायचं, आता दर वेळी.

"मग वाजवू नकोस," मी म्हटलं.

"तर दिवसभर विचारते, आज पियानो नाही का? मला भीती वाटते काका. आईचं डोकं फिरेल अशाने."

पट्टी दाबली की आत फेल्टची, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरीची, हातोडी तारेवर आपटते. त्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं दणकून वाजवलं होतं. मधल्या हातोड्यांवर तारांच्या खोल खाचा पडल्या होत्या, फेल्ट वाळक्या भाकरीसारखं कडक झालं होतं. म्हणून आवाज टणटणीत, जरा भांडखोर. मुलीची बोटं हलकी होती, पण हातोड्या बाबांच्याच. यावर इलाज एकच, फेल्टला सुया टोचून ते सैल करायचं.

आई पाणी घेऊन आल्या. "काय करणार आता?"

"काही नाही, आवाज जरा बसवतो." आम्ही कामात असंच म्हणतो.

त्यांचा हात थांबला. "यांचाही आधी आवाजच बसलेला. आम्हाला वाटलं, सर्दी आहे. बसला तो उठलाच नाही."

मी जीभ चावली. मुलगी खिडकीतून खाडीकडे बघत राहिली. "करू ना?" मी विचारलं.

"लेक म्हणते ना, करा," आई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुई शिरताना फेल्ट आधी अडतं, मग एकदम सोडतं. हजारदा केलेलं काम, पण त्या दिवशी आपण कोणाला तरी टोचतोय असं वाटत होतं. मधूनमधून पट्ट्या दाबून ऐकायचो. एक सूर मऊ झालेला, शेजारचा अजून त्यांचा. थांबावं असंही वाटलं, कारण फेल्ट पुन्हा कडक करता येतं, पण आधीसारखं नाही. थांबलो मात्र नाही. अर्धा मऊ, अर्धा कडक पियानो कोणालाच नको असतो.

काम झाल्यावर मुलगी वाजवायला बसली. तीच धून, पण गोल, शांत, कोणाच्याही घरात असावा असा आवाज. आम्हा दोघांचे कान आत लागलेले. नळ चालू होता, भांडी वाजत होती. धून संपली, हाक आली नाही. मला हायसं वाटलं.

आई चहा घेऊन बाहेर आल्या. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "शेजारी कोणी वाजवतंय असं वाटलं."

मुलीने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आई, एकदा हाक मार ना."

"कोणाला गं?" आईने विचारलं.