वकील दिराचं जहाज

कलाबाईने शब्द दिला की सोयरीक ठरली, असं निफाडकडच्या त्या गावात गेली तीस वर्षं चालत आलेलं. मुलगा पितो का, सासू जाच करील का, हे कोणी पत्रिकेत बघत नसे, कलाबाईला विचारी. शाळा तिची तिसरीपर्यंत, पण माणूस ती उभ्या उभ्या वाचायची. फ्लॉवरची गाडी मार्केटला भरता भरता तिने पंचवीसेक संसार मांडून दिले, त्यातला एकही मोडला नाही. अशा बाईच्या नावावर एक खोटं होतं. एकच, पण जहाजाएवढं.

त्याचं असं झालं. तिचा धाकटा दीर शेखर वकिली शिकला. सासरे रंगनाथबुवांना वकील डोळ्यांसमोर नको. विहिरीच्या वाट्यावरून ते भावाशी सतरा वर्षं कोर्टात भांडले. विहीर आटली, भाऊ वारला, तारखा मात्र पडतच राहिल्या. काळ्या कोटाचा माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही, असं त्यांनी देवापुढे बोलून ठेवलेलं. शेखर नौदलात लागला तोही वकील म्हणूनच. बुवांनी विचारलं, "तिथं काय करतो गं हा?" कलाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जहाज चालवतो." म्हातारा दोन भाकरी जास्त जेवला.

खोट्याचं वांग्याच्या रोपासारखं असतं, एकदा धरलं की फुटवे येतच राहतात. गावाने विचारलं केवढं जहाज, तिने सांगितलं आपल्या देवळाएवढं. पुढे त्यावर तोफा आल्या. शेखरने जन्मभर फायली वाचल्या, नौदलातल्या पोरांचे खटले चालवले, चढत चढत कमोडोर झाला. गावात मात्र त्याने दोन वादळं पार केली. बुवा गेले तेव्हाच खरं सांगायचं, पण तेव्हा तेरावं होतं, मग द्राक्षांचा हंगाम आला, राहून गेलं. नवरा चिमाजीला सगळं ठाऊक. तो बायकोच्या बोलण्यात पडत नसे, म्हणूनच संसार सुखाचा झालेला.

चौतीस वर्षांनी शेखर निवृत्त होऊन नाशिकला राहायला आला आणि गावाने सत्कार ठरवला. त्या सकाळी तो वहिनीकडे पोहे खायला टेकला. येताना वेशीवरचा फ्लेक्स बघूनच आला होता. भलीमोठी युद्धनौका, आणि तिच्या टोकावर ताटलीएवढं त्याचं डोकं.

"वहिनी, हे काय?"

कलाबाईने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "आबांना तुम्ही जहाज सांगितलंत ते माहीत होतं. तोफा कधी आल्या?"

"तुमच्या लग्नाच्या सुमाराला."

"माइकवर मी खोटं नाही बोलणार. तेवढं सोडून काहीही सांगा."

"खोटं कोण बोला म्हणतंय? हार घ्या, हात जोडा, खाली बसा."

"आणि कोणी विचारलं तर?"

"कशाला विचारतील? आपल्या गावात जो तो स्वतःच बोलायला बसलाय."

ते खरंच होतं. देवळाच्या मांडवात उपसरपंच काळूतात्या एकटेच पाऊण तास बोलले. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. कलाबाईने सुस्कारा सोडला, आणि तेवढ्यात तात्यांनी माइक शेखरपुढे धरला. "साहेब, ते दुसऱ्या वादळाचं सांगा. कलावहिनीकडून लय वेळा ऐकलं, आज तुमच्या तोंडून होऊ द्या."

शेखर उठला. कलाबाईने मनात हिशेब केला. तो खरं बोलला तर उद्यापासून तिच्या शब्दावर कोण पोरगी देणार? आणि वहिनीला वाचवायला खोटं बोलला, तर चौतीस वर्षांच्या त्या पांढऱ्या गणवेशाला तिच्या पायी डाग लागायचा. दुसरं तिला बघवणार नव्हतं. ती बायकांतून उभी राहिली.

"भाऊजी, बसा तुम्ही. वादळ माझं हाय, मी सांगते."

आणि तिने सांगितलं. दीर वकील आहे, जहाज त्याने कधी चालवलं नाही, तोफा तिच्या. मागे वाढपी बुंदीचा झारा हातात धरून तसाच राहिला.

"म्हंजे चौतीस वर्षं..." तात्या शेखरकडे वळले. "साहेब, खोटं बोलणाऱ्याला तुमच्या नौदलात काय करतात?"

"आधी टोपी काढायला लावतात," शेखर म्हणाला. "टोपी काढून वरिष्ठांपुढे ताठ उभं राहायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. ते ऐकल्याशिवाय शिक्षा नाही."

"मला टोपी नाय," कलाबाई म्हणाली, "आन् डोईवरचा पदर मी कुणापुढं पाडायची नाय. पण उभी हाय. म्हणणं एवढंच, की पहिल्यांदा बोलले ते सासऱ्याला पोराचं कौतुक वाटावं म्हणून. पुढचं मात्र मला गोडी लागली म्हणून."

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव. "घरचा वकील असून आपण निफाडच्या कोर्टात हेलपाटे घालतोय," असं मागे कोणीतरी कुरकुरलं. कलाबाई बसणार, तोच शेजारची छाया उठली. तिच्या स्नेहलसाठी ओझरच्या विमान कारखान्यातलं स्थळ कलाबाईनेच आणलेलं.

"मावशी, राग नका मानू. तो रोहित इंजिनियर हाय ना?"

सगळ्या माना कलाबाईकडे वळल्या. हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"फिटर हाय," कलाबाई म्हणाली. "कायम नोकरी हाय, आईला पाण्याचा हंडा उचलू देत नाय. पण फिटर हाय. इंजिनियर मी चढवला."

म्हणजे खोटी दोन निघाली.

छायाने लेकीकडे पाहिलं. स्नेहल म्हणाली, "फिटर चालेल मला. खोटारडा नसला म्हंजे झालं."

"मग मावशी, चौकशीला परत जा," छाया म्हणाली. "पण या खेपेला साहेबांना सोबत न्या."

रविवारी वहिनी-दीर ओझरला गेले. निवृत्तीनंतरची शेखरची ही पहिली केस. रोहित पाऊण तास विमानाच्या पंखाबद्दल बोलला. कलाबाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. परतताना तिने विचारलं, "कसा वाटला?"

"माहीत आहे तेवढंच बोलतो. नाही ते नाही म्हणतो."

कलाबाईने छायाच्या दारात उभं राहून ही दोन वाक्यं तशीच्या तशी सांगितली. तिसरं जिभेवर आलेलं, ते तिने गिळलं. फार जड गेलं म्हणतात.